डावी गाठ

दसरा झाला की आमच्या गल्लीत चालायला जागा उरत नाही.
शिंदीचे झाप भिंतीला टेकून, पत्र्यावर,
घोलपांच्या बंद पडलेल्या रिक्षाच्या टपावरसुद्धा.
हिरवे येतात, आठ दिवसांत पिवळट होतात
आणि तोवर घरातला चहाही
ओढ्याकाठचा लागतो.

रावसाहेब, माझा भाऊ, पहाटेच निघतो टेम्पो घेऊन.
आजोबा चालत जायचे. तेव्हा शिंदी कुणाची नव्हती,
आता बांधावरच्या झाडालाही मालक आहे
आणि मालकाला आमचा फोन नंबर पाठ आहे.

झापाच्या बुडाशी काटे.
ते आधी उतरवायचे, मग पाती फणीवर ओढायची.
फणी म्हणजे बाभळीची फळी, अकरा खिळे ठोकलेली,
त्यातला एक वाकडा.
त्याच्यातून गेलेली पाती जाड फाटते.
ती आम्ही जुडीच्या पोटात घालतो,
गिऱ्हाइकाचं बोट तिथवर जात नाही.

आई जमिनीवर बसते.
जुडी पायाखाली दाबते,
अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमट्यात
तिची कंबर धरते,
वाखाचा पीळ दातांनी ओढते आणि गाठ मारते.
डावखुरी आहे ती. तिची गाठ उलटी बसते.
"सून आणली ती बी उलट्या हाताची," आजी म्हणायची.
पण त्या केरसुण्या झिजून बुडख्याला आल्या तरी
सुटल्या नाहीत,
तेव्हा आजी गप्प झाली.

सातवीत मी शाहूपुरीत गेले, मैत्रिणीकडे, गृहपाठाला.
दाराआडच्या केरसुणीला पाय लागला माझा.
तिची आई आतून ओरडली,
"अगं, नमस्कार कर! लक्ष्मी आहे ती."
वाकले. हात लावला, कपाळाला नेला.
तेव्हा दिसली गाठ.
उलटी.

हसू आलं, ते दाबलं.
का दाबलं, ते कळायला बरीच वर्षं गेली,
अजून नीट कळलंय असं नाही.

घरी सांगितलं तर आई म्हणाली,
"नमस्कार केलास न्हवं? मग झालं.
माझ्या पायाचं कशाला सांगत बसायचं लोकांस्नी."
आणि पुढची जुडी पायाखाली घेतली.

धनत्रयोदशीला लक्ष्मीपुरीच्या कोपऱ्यावर पोतं अंथरतो आम्ही.
"लक्ष्मी कशी दिलीस?"
"साठ."
"शंभरला दोन दे की."
"न्हाई परवडत, मावशी."
मावशी चार पावलं जाते, परत येते,
उलटीसुलटी करून बघते, झटकते, नाकाशी नेते,
शेवटी शंभरालाच दोन नेते,
आणि पिशवीत घालताना मात्र
डोकं वर येईल अशी जपून घालते.
समोरच्या दुकानात प्लास्टिकचे झाडू, निळे, पोपटी.
त्यांना कुणी कुंकू लावत नाही.
वर्षभर खपतात.

आमच्या घरात कायम फसलेली केरसुणी.
एका बाजूला झुकलेली, नाहीतर मूठ ढिली,
जी विकता येत नाही ती.
लहानपणी मला वाटायचं
केरसुणी अशीच असते,
झाडताना तिला थोडं सांभाळून घ्यावं लागतं.

यंदा आईचा अंगठा मिटत नाही.
सुजलाय, रात्री ठणकतो.
पीळ आवळताना मध्येच सुटतो
आणि सगळी जुडी पसरते अंगणभर.
म्हणून मी बसले.
उजव्या हाताची मी. माझी गाठ सरळ,
सगळ्या बाजारात असते तशी.

पहिल्या दिवसाच्या बावीस झाल्या.
संध्याकाळी आई ढिगापाशी आली,
एक उचलली, मुठीत फिरवली,
गाठीवर नख टेकवून थोडी थांबली.
बोलली काहीच नाही.
एकवीस पोत्यात भरल्या, आणि ती एक बाजूला ठेवून म्हणाली,
"ही घरात ऱ्हाऊ दे."

फसली म्हणून, की जमली म्हणून,
हे मी विचारलं नाही.
सकाळी तिनंच अंगण झाडलं.
मी दारातून गाठीकडे बघत उभी.